सॅक्सोफोनची कळ

'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपण शाळेतच शिकतो. बटाटा, पाव, साबण, पगार या रांगेत तोही असतो. यादी पाठ होते आणि आपण पुढे जातो. पण जुना सॅक्सोफोन दुरुस्तीसाठी उघडला, की या शब्दापाशी थांबावंच लागतं. या वाद्याच्या पितळी अंगावर दांड्या, वाट्या आणि पंजे यांची जी दाटी दिसते, तिच्यातल्या प्रत्येक जुळणीला फ्रेंचमध्ये 'क्ले' म्हणतात. हा 'क्ले' आणि आपली 'चावी' सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची आई लॅटिन 'क्लाविस', म्हणजे कुलपाची किल्ली. शब्दाच्या सुरुवातीचा 'क्ल' फ्रेंचने जपला. पोर्तुगीजने त्याचा 'च' केला आणि पुढे कधीतरी तो 'च' मऊ होऊन 'श' झाला. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'शाव्ह' असा ऐकू येतो. कोकणच्या किनाऱ्यावर तो सोळाव्या शतकात उतरला, त्या काळचा खणखणीत 'च' मराठीने अजून सोडलेला नाही. म्हणजे पोर्तुगीजचा एक जुना उच्चार लिस्बनपेक्षा आपल्या तोंडी जास्त टिकला. पुण्यात 'किल्ली' आणि मुंबईत 'चावी' असा भेद आपण करतो, त्यात कोणी चावीला कमी लेखू नये. तिचं घराणं मोठं आहे.

आता अडचण अशी, की सॅक्सोफोनवर कुलूप नाही. उघडण्यासारखं दारही नाही. उलट बहुतेक बोटं छिद्रं बंद करण्याचं काम करतात. मग त्याला चावी का म्हणायचं? उत्तर मध्ययुगीन युरोपातल्या मठांत सापडतं. अकराव्या शतकातला ग्वीदो दारेत्सो आणि त्याच्यामागून आलेले संगीतशिक्षक स्वरांना जी अक्षरनावं देत, त्या अक्षरांना 'क्लाविस' म्हणत. अक्षर कळलं की ओळ उलगडते, म्हणून ती किल्ली. ही अक्षरं पुढे ऑर्गनच्या पट्ट्यांवर लिहिली जाऊ लागली आणि अक्षराचं नाव पट्टीला चिकटलं, असं अभ्यासक मांडतात. पट्टीवरून ते फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या दांड्यांवर गेलं. सॅक्सोफोनची 'क्ले' म्हणजे मुळात कुलपाची किल्ली नव्हे, स्वरलेखनाची किल्ली.

इथे मला आपल्या 'पट्टी'चं फार कौतुक वाटतं. पेटीच्या दाबायच्या तुकड्याला आपण पट्टी म्हणतो आणि गवयालाही विचारतो, 'कुठल्या पट्टीत गाणार?' इंग्रजीत जसा 'की' हा एकच शब्द दाबायच्या तुकड्यालाही चालतो आणि गाण्याच्या आधारस्वरालाही, तशी मराठीत 'पट्टी'. यात भाषांतराचा हात नाही. 'काळी चार', 'पांढरी पाच' असं म्हणता म्हणता वस्तूचं नाव स्वराला लागलं. युरोपात मात्र, वर पाहिलं तसं, स्वराच्या अक्षराचं नाव वस्तूला लागलं. टेनर सॅक्सोफोनचा 'सी' वाजवला, की कानाला बी फ्लॅट ऐकू येतो आणि आल्टोचा 'सी' वाजवला, की ई फ्लॅट. मराठी गवयाला हे समजावून सांगायला लांबण लावावी लागत नाही. टेनर काळी पाचचा, आल्टो काळी दोनचा, एवढं पुरतं.

जर्मन लोक मात्र किल्लीच्या वाटेला गेले नाहीत. ते 'क्लापे' म्हणतात, म्हणजे झडप. छिद्रावर पडणारं झाकण दिसलं, त्याला झाकणाचं नाव दिलं. यंत्राच्या दृष्टीने जर्मन शब्द अधिक सरळ आहे, कारण सॅक्सोफोनमध्ये वाजवणाऱ्याचं बोट छिद्राला कधीच टेकत नाही. बासरी, सनई किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला बोटाखाली छिद्राची कड जाणवते. सॅक्सोफोनची छिद्रं बोटाच्या मानाने फार मोठी, खालच्या टोकाची तर बशीएवढी, म्हणून प्रत्येक छिद्रावर झडप. छिद्र कुठे पाडायचं ते नादशास्त्राने ठरवायचं, बोट कुठे पोचतं याची फिकीर त्या वेळी करायची नाही, आणि मग बोट व छिद्र यांच्यामधलं अंतर यंत्राने भरून काढायचं, हा धडा थिओबाल्ड बोमने १८३२ साली आपल्या बासरीत घालून दिला होता. अॅडॉल्फ सॅक्सला हे आयतं मिळालं आणि त्याने ते शंकूच्या आकाराच्या पितळी नळीवर चढवलं.

सॅक्सचा जन्म १८१४ चा, बेल्जियममधल्या दिनाँ गावचा. वडील वाद्यं बनवत. १८४२ मध्ये तो पॅरिसला आला आणि २८ जून १८४६ रोजी त्याला सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं. नाव त्याने स्वतःच्या आडनावाला ग्रीक 'फोने' जोडून केलं. 'फोने' म्हणजे आवाज, वाणी. ज्या मूळ धातूपासून हा ग्रीक शब्द आला, त्याच धातूशी भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'भण्'चं नातं जोडतात. आणि 'भण्' प्राकृतातून मराठीत उतरताना 'म्हण' झाला. आपलं 'म्हणणं' तिथलं, 'म्हण'ही तिथलीच. मला हे नातं सापडलं तेव्हा फार आनंद झाला होता. सॅक्सोफोन म्हणजे सॅक्सचं म्हणणं. टेलिफोनमध्ये, ग्रामोफोनमध्येही हेच 'म्हणणं' दडलेलं आहे, पण माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणाऱ्या या वाद्याला ते जसं शोभतं तसं दुसऱ्या कशाला शोभत नाही.

सॅक्सच्या डोळ्यांपुढे एक जुनं वाद्य होतं, ऑफिक्लाइड. मोठ्या पितळी नळीला झडपा, आणि वर तुतारीसारखं तोंड. त्याला क्लॅरिनेटसारखी एक पाती असलेलं तोंड बसवून पाहताना सॅक्सोफोनची कल्पना निघाली, असं सर्वसाधारणपणे मानतात. 'ऑफिक्लाइड' हे नावही ग्रीक. 'ऑफिस' म्हणजे साप आणि 'क्लेइस' म्हणजे किल्ली. किल्ल्या लावलेला साप, कारण त्याच्या आधीचं वाद्य 'सर्पेंट' या नावाचं, खरोखरच सापासारखं वळणावळणाचं होतं. ग्रीक 'ऑफिस' आणि संस्कृत 'अहि' एकाच मुळाचे, ग्रीक 'क्लेइस' आणि लॅटिन 'क्लाविस' एकाच मुळाचे. अहि आणि चावी, या दोन शब्दांची नातलग मंडळी युरोपातल्या एका विस्मृत वाद्याच्या नावात एकत्र नांदत होती.

शब्दांची ही वंशावळ पुस्तकांतून मिळते. पण सॅक्सोफोनच्या 'की'ला मराठीत नक्की काय म्हणावं, याचा निकाल मला दुरुस्तीच्या टेबलावर लागला. १९२० च्या दशकातला एक आल्टो, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी सी. जी. कॉनच्या कारखान्यात बनलेला. मागच्या बाजूला अंगठ्याच्या आधाराखाली कोरलेलं आहे: पेटंट, ८ डिसेंबर १९१४, क्रमांक १११९९५४. हे पेटंट छिद्रांच्या कडांचं. पत्रा वर ओढून छिद्राची भिंत करायची आणि तिची कड बाहेरच्या अंगाला गोल वळवायची, म्हणजे झडपेच्या आतल्या चामड्याच्या गादीला धारदार कड टोचत नाही. त्याखाली वाद्याचा क्रमांक आणि शेवटी एक सुटं अक्षर, 'एल'. हे अक्षर दुरुस्ती करणाऱ्याने आधी पाहायचं. त्या काळात युरोप-अमेरिकेत सुरांचे दोन उंचावे चालत. 'एल' म्हणजे खालचा, आज जगभर चालतो तो. वरच्या उंचाव्याचं वाद्य कितीही देखणं असलं तरी आजच्या पेटीबरोबर, पियानोबरोबर ते कधीच सुरात लागणार नाही.

या आल्टोचा 'जी शार्प' वाजत नव्हता. जुन्या सॅक्सोफोनचं हे ठरलेलं दुखणं. डाव्या हाताच्या करंगळीने पंजा दाबला, पंजा नीट खाली गेला, पण झडप जागची हलली नाही. कारण समजून घ्यायला सगळी रचना पाहावी लागते. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी पंजा आणि झडप एकाच दांडीवर असतात. इथे दोघांच्या दांड्या वेगळ्या आहेत. झडपेला स्वतःची एक नाजूक स्प्रिंग आहे, आणि ती झडप उघडू पाहते. पंजाच्या दांडीला दुसरी, जाड स्प्रिंग आहे. ती दांडीचं टोक झडपेवर दाबून धरते, म्हणून झडप एरवी बंद राहते. करंगळी पंजा दाबते तेव्हा ती झडप उचलत नाही, फक्त दांडीचं टोक बाजूला करते. झडपेने आपल्या नाजूक स्प्रिंगच्या बळावर आपणहून उघडायचं असतं. गादीचं चामडं थुंकीने, साखरेच्या अंशाने चिकट झालं, की त्या स्प्रिंगचं बळ अपुरं पडतं. करंगळी कितीही जोर लावो, तिचा जोर तिथवर पोचतच नाही.

असं का केलं असेल? त्याचं कारण उजव्या हाताकडे आहे. उजव्या हाताची बोटं एफ, ई, डी यांपैकी काहीही दाबोत, त्या बोटांच्या दांडीचा एक हात याच झडपेवर येऊन ती बंद करतो. त्यामुळे करंगळी दाबलेली ठेवूनही वाजवणारा जी शार्पवरून खालच्या स्वरांवर झरझर जाऊ शकतो. झडप एक, तिला उघडी राहू देणारं बोट एक, आणि तिला बंद करायला धावणारी बोटं तीन. दांडीच्या या हाताच्या टोकाखाली बुचाचा एक पातळ तुकडा चिकटवलेला असतो. तो तुकडा थोडा झिजला तर झडप पुरती बंद होत नाही आणि खालचे सगळे स्वर घोगरे होतात. थोडा जाड झाला तर झडप बंद होते, पण तिच्या शेजारची उघडी राहते. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी गादीखाली सरकवून ओढून पाहायची. दोन्ही ठिकाणी सारखी अडली, की तुकडा बरोबर. या आल्टोत आधीच्या कोणीतरी तिथे रबराचा जाड तुकडा डकवला होता. तो काढून बूच लावलं, गादी स्वच्छ केली, आणि जी शार्प बोलू लागला.

यानंतर मला 'चावी' पुरेशी वाटेना. चावी एका जागी फिरते आणि त्याच जागी काम करते. सॅक्सोफोनवर दाबतो एकीकडे, घडतं दुसरीकडे, आणि मध्ये कोणीतरी तिसरा अडवणारा किंवा सोडणारा असतो. याला मराठीत नेमका शब्द आहे: कळ. कळसूत्री बाहुली, कळ फिरवणे, कळफलक या शब्दांतली कळ. कोशकार तिचा संबंध संस्कृत 'कला'शी लावतात. हिंदीत 'कल-पुर्जे' म्हणतात त्यातला 'कल' तोच. 'कळीचा मुद्दा' म्हणतो तेव्हा आपण हीच कळ म्हणत असतो, फुलाची कळी नव्हे. ज्या एका जागी हात घातल्यावर बाकी सगळं हलतं, ती जागा. दुखण्याची कळ आणि भांडणाची कळ यांची घराणी निराळी, त्यांना इथे आणायला नको.

संगणकाच्या कळफलकाने हा शब्द पुन्हा चलनात आणला खरा, पण त्यात तो थोडा कृश झाला. आता कळ म्हणजे नुसतं दाबायचं बटण. सॅक्सोफोनमध्ये त्याला त्याचा पूर्ण अर्थ परत मिळतो. याचा आणखी चांगला पुरावा म्हणजे वरच्या सप्तकाची कळ. डाव्या अंगठ्याने एकच कळ दाबायची, पण तिला जोडलेली बारीक छिद्रं दोन. एक अंगावर, एक मानेवर. मधल्या डी पासून जी शार्पपर्यंत अंगावरचं उघडायचं, ए पासून पुढे मानेवरचं. कुठलं उघडायचं ते अंगठा ठरवत नाही. डाव्या हाताची अनामिका 'जी'ची कळ दाबून आहे की नाही, त्यावर यंत्रच ठरवतं. सॅक्सच्या स्वतःच्या वाद्यांत या दोन कळा वेगळ्या होत्या आणि अंगठ्याला एकीवरून दुसरीवर उडी मारावी लागे. ही निवड आपोआप करणारी रचना पुढच्या कारागिरांची. युरोपीय लोक तिला आठव्याची कळ म्हणतात आणि आपण सप्तकाची. अंतर तेच. त्यांनी वरचा सा मोजला, आपण तो पुढच्या सप्तकाला दिला.

चावीला मी मुख्य जागेवरून उठवलं, पण तिच्याबरोबर आलेली पोर्तुगीज मंडळी या टेबलावरून हलणार नाहीत. कळ ज्या दांडीवर फिरते ती दांडी आणि तिच्यावरची पोकळ नळी मिळून होते बिजागरी, आणि बिजागरी म्हणजे पोर्तुगीज 'बिसाग्रा'. तिच्यात ढिलाई आली, की सगळं निदान फसतं. गाद्या नव्या घाला, स्प्रिंगा बदला, कळ दर वेळी वेगळ्या जागी पडणार. म्हणून जाणता कारागीर गाद्यांना हात लावण्याआधी प्रत्येक नळी हलवून पाहतो आणि गरज असेल तिथे तिची टोकं चोहोबाजूंनी आवळून ती केसभर लांब करतो. बूच म्हणजे पोर्तुगीज 'बुशा', बोळा किंवा दट्ट्या. आपल्याकडे रस्त्याकडेला पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचा सडा घालणारं झाड आहे, त्याला बुचाचं झाड म्हणतात. त्याची साल बुचासाठी वापरत, म्हणून झाडाने परदेशी नाव घेतलं. आणि छिद्रावर बसणाऱ्या गादीला पोर्तुगीज वादक म्हणतात 'सापातिल्या', लहानसा जोडा. 'सापातू' म्हणजे जोडा, आणि आपल्या आज्या-पणज्या ज्या 'सपाता' घालत त्या तिथूनच आलेल्या.

हे शब्द गोव्यातून आले तसे वसईतूनही. वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि सुतार, लोहार, गवंडी यांच्या तोंडून हे शब्द घाटावर चढले. गोव्यात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट रुजली. चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, शिकवलं जाई, स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन आणि फुंकवाद्यं वाजवायला शिकवलं जाई. त्या शाळांतून निघालेले वादक मुंबईत आले. हॉटेलांच्या जॅझ बँडांत बसले, नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. त्या काळच्या गाण्यांतला सॅक्सोफोन ऐकताना मनोहारी सिंग यांचं नाव आठवतं, ते नेपाळी वंशाचे आणि कलकत्त्याहून आलेले. पण त्यांच्या आजूबाजूला बसलेल्यांत गोवेकर किती होते हे त्या काळचं कुठलंही छायाचित्र सांगेल. चावी, बिजागरी, बूच हे शब्द आणि ते वाद्य वाजवणारे हात, दोन्ही एकाच किनाऱ्यावरून आले. दक्षिणेत वाट निराळी होती. मंगळुराजवळच्या कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि वडिलांच्या नागस्वराची गमकं त्याच्यावर आणली. तिथे सॅक्सोफोनला घराचं वाद्य व्हायला पोर्तुगीजांची गरज पडली नाही.

एक शब्द मात्र उलट दिशेने गेला, आणि तो या टेबलावरचा सर्वांत जुना. गादी वाटीत बसवतात ती लाखेने. वाटीच्या पाठीला बारीक ज्योत दाखवायची, आतली लाख मऊ झाली की गादी छिद्राच्या कडेशी सपाट जुळवायची, कळ बंद करून थंड होऊ द्यायची. कुठे फट राहिली तर पुन्हा ऊब द्यायची. लाखेइतका मनधरणीला तयार चिकटा दुसरा नाही, म्हणून गोंदाच्या कांड्या मिळू लागल्यावरही अनेक कारागीर लाखच वापरतात. इंग्रजीत तिला 'शेलॅक' म्हणतात. त्यातली 'लॅक' म्हणजे संस्कृत 'लाक्षा', प्राकृतातून 'लाख' झालेली आणि फारसी-अरबीमार्गे युरोपात पोचलेली. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर एक किडा ती घालतो. पांडवांना जाळायला बांधलेलं लाक्षागृह तिचं, मोहोरबंद पत्राचा 'लाखोटा' तिच्यावरून, सोनाराच्या दुकानात पोकळ दागिन्याला भरीव करणारीही तीच. आणि सॅक्सोफोनच्या पितळेवर जो सोनेरी मुलामा दिसतो त्याला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात, तोही शब्द लाखेचाच, बहुधा पोर्तुगीज 'लाक्रे'च्या वाटेने गेलेला. आजच्या मुलाम्यात लाखेचा अंशही नसतो, तो रासायनिक असतो, पण नाव टिकलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सॅक्सोफोनचा आवाज ज्या तबकड्यांवरून घरोघर पोचला, त्या तबकड्यांतही लाखच होती.

तेव्हा माझा निकाल असा. सॅक्सोफोनच्या 'की'ला मराठीत 'कळ' म्हणावं. ती फिरते त्याला बिजागरी, तिच्या टोकाखालच्या तुकड्याला बूच, छिद्रावर पडते ती गादी, आणि गादी धरून ठेवते ती लाख. वाद्य कुठल्या स्वरात बांधलंय ते सांगताना 'पट्टी'. सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांना स्प्रिंगच म्हणावं, सगळेच तसं म्हणतात. यातला एकही शब्द मी घडवलेला नाही, सगळे चालते-बोलते आहेत.

पण लग्नाच्या बँडांत, पोलिसांच्या बँडांत, गोव्यातल्या चर्चच्या वादकांत आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या घरांत याहून नेमके शब्द असणार, आणि ते कुठल्याही कोशात नाहीत. तुमच्या ओळखीत कोणी सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट वाजवत असेल, दुरुस्त करत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक भागाला ते काय म्हणतात ते विचारून लिहून काढा. जो शब्द जसा उच्चारतात तसाच लिहा, सुधारू नका. आणि घरात जुना सॅक्सोफोन पडून असेल, तर जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय त्याचं पितळ घासून चकचकीत करू नका. घासल्याने मागे कोरलेला क्रमांक झिजतो.